निळी वही आणि एक चिठ्ठी

दुपारी दोनला महानंदानं खालच्या मजल्यावरच्या केवळाबाईंचं दार वाजवलं. केवळाबाई पोलिसात हवालदार होत्या; मागच्या वर्षी निवृत्त झाल्या.

"मावशी, माझी निळी वही चोरीला गेली. सातला आमची विमानतळाकडं जायची गाडी हाय."

महानंदा नांदेडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. ती आणि तिचा नवरा नागसेन वर्षापूर्वीच स्कुबा डायव्हिंग शिकले होते. आता बालीला, गाइड न घेता, दोघंच किनाऱ्यावरून समुद्रात उतरणार होते. कुठून उतरायचं, ओहोटी कधी, सिलिंडरात किती हवा उरली की मागं फिरायचं, सगळं तिनं सात महिने खपून वहीत लिहिलं होतं. वहीशिवाय ती पाण्यात पाय ठेवणार नव्हती.

केवळाबाई वर आल्या. उघडी बॅग धुंडाळली. "अजून काय गेलं?"

"नागसेनची डॉक्टरची चिठ्ठी, बुडी मारायला तब्येत ठीक हाय म्हणून. ती दाखवल्याबिगर तिथं सिलिंडर देत न्हाईत."

"आन् तुझी?"

"माझी हाय."

सासू, सुमनबाई, दारातूनच म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नका. समुद्रात जाऊ नका म्हणून मी तोंडावर सांगून राहिले. चोरू कशाला?"

नागसेन खिडकीशी बसला होता. केवळाबाई त्याच्या उजव्या बाजूला बसल्या.

"वही शेवटची कधी पाहिली?"

तो रस्त्याकडं बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं मान वळवली नाही. मग त्या उठून डावीकडं आल्या.

"बॅग कुणी भरली?"

"मीच. सकाळी."

"डॉक्टरकडून दुसरी चिठ्ठी आण की."

"डॉक्टर गावाला गेलेत."

"कोण म्हणलं?" सुमनबाईंनी विचारलं. "आत्ता भाजी आणताना बघितलं. दवाखान्यात लाइन हाय."

महानंदा येरझाऱ्या घालत होती.

"सराव कुठं केला?" केवळाबाईंनी तिला विचारलं.

"स्विमिंग टँकवर. गुरुवारी ह्याला सर्दी होती, तरी गेला. लवकर परत आला."

केवळाबाईंनी मान हलवली.

"सुमनबाईंनी चोरलं असतं तर दोन्ही चिठ्ठ्या गेल्या असत्या. त्यांना दोघांनाबी थांबवायचंय. इथं एकाचीच गेली. ज्याला डॉक्टरपुढं परत उभं ऱ्हायचं न्हाई, त्याची. नागसेन, उजव्या कानानं तुला ऐकू येत न्हाई. सर्दीत खोल बुडी मारलीस, कानाचा पडदा फाटला. खरं का?"

"हाव," नागसेन म्हणाला. "चिठ्ठी त्याच्या आधीची हाय; ती असली तर मलाबी पाण्यात उतरावं लागलं असतं. वही आन् चिठ्ठी स्कूटरच्या डिक्कीत हायेत."

महानंदा थांबली. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू एकटी गेली असतीस. तिथं कुणीतरी अनोळखी जोडीदार धरून, गाइड न घेता. वही नसली की तू जाणार न्हाईस, एवढं मला माहीत होतं."

सुमनबाई हातातली पिशवी घेऊन तशाच उभ्या होत्या. महानंदाला खोटं बोलता आलं असतं.

"गेले असते," ती म्हणाली.

मग तिनं मोबाइल काढून बालीतल्या सिलिंडर देणाऱ्या दुकानाला फोन लावला. तिथल्या माणसाला तिनं सावकाश, दोनदा सांगितलं: पाण्यात एकच जण उतरणार, आणि सोबत गाइड पाहिजे.

फोन ठेवून ती नागसेनच्या समोर बसली.

"गाडीला वेळ हाय," ती म्हणाली. "चल, आधी डॉक्टरकडं."