मनातलं ओळखणारा जावई

"माझ्या मुलीचा पत्ता जगात फक्त मला ठाऊक होता," बाई म्हणाल्या. "मग तो तिच्यापर्यंत पोचला कसा?"

वहिनींनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. दीर-भावजय मिळून खाजगी तपासाची कामं करत. डोकं वहिनींचं, गाडी भाऊजींची.

बाईंची मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लहानग्याला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली होती. मायलेकी एकमेकींना ईमेल लिहीत, तेवढाच आधार. गेल्या आठवड्यात नवरा तिथे उगवला आणि शाळेच्या फाटकातूनच पोराला घेऊन गेला. पोलीस म्हणाले, बाप आहे, कोर्टात जा.

"तिनं आता खोली बदललीय. नवा पत्ता अजून कळवला नाही. आणि मला त्या कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटते."

बाईंच्या घरी तो कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीखाली होता. जुनाट, पिवळा पडलेला. वहिनी त्याच्यासमोर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

"आहे," अखेर त्या म्हणाल्या. "प्रिंटरच्या नावाखाली दडवलेला प्रोग्राम. इथे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, तुमच्या ईमेलचा पासवर्डसुद्धा, बाहेरच्या कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये जातं. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामलाही बजावून ठेवलंय, इकडे बघू नकोस म्हणून."

"म्हणजे मुलगी गेल्यावर घरातल्याच कुणीतरी बसवला," भाऊजी हळूच म्हणाले. "जावयाला तर यांनी तेव्हापासून उंबऱ्यात उभं केलेलं नाही."

वहिनी खुर्चीतच मागे वळल्या. "हा कॉम्प्युटर कधीचा?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मुलगी कॉलेजात होती तेव्हाचा. मध्ये बदलणार होतो. जावई म्हणाले, चांगला आहे, राहू द्या."

बाईंचा धाकटा मुलगा जावयाच्याच दुकानात नोकरीला होता. तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला.

"दाजींनी नोकरी दिली म्हणून मी ताईला विकीन असं वाटतं तुम्हाला? उलट मागच्या वर्षी मी हा डबा पुसून कोरा करायला निघालो होतो. दाजींनीच अडवलं. म्हणाले, जुने फोटो जातील."

"मग फोटो दुसरीकडे उतरवून का नाही ठेवले?"

"तेही म्हटलं मी. म्हणाले, तू हात लावू नकोस, मी बघतो."

मुलीचे वडील गच्चीत कुंड्यांची माती उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला ते यंत्र चालूसुद्धा करता येत नाही. तिनं परत नांदायला जावं असं मला वाटतं, ते मी लपवलेलं नाही. त्या नाटकवाल्या पोराच्या नादातून सुटली आणि असं स्थळ मिळालं, तर त्याचं हे केलं तिनं."

"कोण नाटकवाला?" दारातून बाईंनी विचारलं.

वडील पुन्हा कुंडीकडे वळले. जिन्यात भाऊजी पुटपुटले, "बापच. जावयाची बाजू घेणारा तोच एक."

वहिनी परत वर गेल्या आणि त्यांनी बाईंना वेगळंच काही विचारलं. "मुलीची न् जावयाची ओळख कशी झाली?"

"कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा. नम्र, कमी बोलणारा." बाई म्हणाल्या. "हिला काचेवरचं रंगकाम शिकायचं होतं. घरात कुणाला बोलली नव्हती. यानं वाढदिवसाला काचेचे रंग आणून दिले. मी म्हटलं, असा मनातलं ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही."

वहिनींनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं.

"आपण सगळे एकाच गोष्टीत फसलो. हा प्रोग्राम मुलगी घर सोडून गेल्यावर बसवला असं धरून चाललो. तो तिच्या लग्नाच्याही आधीचा आहे. तारीख त्यातच आहे. तेव्हा या कॉम्प्युटरला हात लावणारा बाहेरचा माणूस एकच होता. म्हणून तर त्यानं तो बदलू दिला नाही, पुसू दिला नाही. पण हे त्यानं आपल्या मनानं केलं नव्हतं." त्या वडिलांकडे वळल्या. "नाटकवाल्या मुलाबद्दल आईलाही माहीत नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं?"

वडिलांच्या बोटांना अजून माती होती. ते बोटं एकमेकांवर चोळत राहिले.

"मुलीची काळजी वाटायची," ते म्हणाले. "दार लावून तासन्‌तास लिहीत बसायची. मी त्याला म्हटलं, काय लिहिते ते कळायची काही सोय आहे का. तो कागद छापून आणून द्यायचा. लग्न ठरल्यावर मी म्हटलं, आता काढून टाक. काढलं म्हणाला."

"तुम्हाला दाखवायचा ते मोजके कागद," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं सगळं तो स्वतः वाचत होता. मैत्रिणींना लिहिलेलं. काचेच्या रंगांचंही."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"म्हणजे त्यानं तिच्या मनातलं ओळखलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वाचलं होतं."

भाऊजींना कुठे पाहावं ते कळेना. "हे कोर्टात दाखवता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल. मी सगळं उतरवून घेतलंय. पण पोरगं लवकर परत मिळेल असं खोटं सांगणार नाही."

मुलीनं निघताना कागदावर लिहून दिलेल्या अडीअडचणीच्या नंबरावर बाईंनी वहिनींच्या फोनवरून फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. पलीकडचे शब्द शेजारी उभ्या वहिनींनाही ऐकू आले.

"बाबांनी सांगितलं त्याला?"

"हो."

"आई, नवा पत्ता आज कळवणार होते तुला. आता नको."

"मी हे यंत्र आत्ताच्या आत्ता फेकून देते गं."

"फेक. तरी नको. तुझ्यावर राग नाही माझा. पण त्या घरात काहीही गेलं की त्याच्यापर्यंत पोचतं. जमेल तेव्हा मीच फोन करीन. वाट पाहू नकोस."

फोन बंद झाला. धाकटा खाली मान घालून बसला होता. वडील जागचे उठले, बाईंच्या जवळ आले.

"पत्ता सांगितला का तिनं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी फोन वहिनींच्या हातात दिला, आतल्या खोलीत गेल्या आणि दाराला कडी घातली.