चौदा टक्के पाय

मंगळवारी सव्वाचारला गॅरेजचा फोन वाजला आणि मिस्त्रीला बायको गेल्याचं कळलं.

पुढे जे घडलं त्यात पदरचं एक अक्षर नाही. भर दुपारी, दोन माणसांदेखत घडलंय.

तिची गाडी छोटी, इंजिन दांडगं. ताकद सगळी पुढच्या चाकांना. ओढायचंही त्यांनीच, वळायचंही त्यांनीच. वळणावर ताकद जास्त आली की ती नुसती गरगरतात आणि गाडी सरळ निघून जाते.

तशीच ती भिंतीवर गेली.

दोनच दिवस आधी, रविवारी, मिस्त्रीनं लॅपटॉप लावून गाडी आणखी जहाल केली होती.

"अहो, पाय नुसता टेकवला तरी उसळते. स्टिअरिंग हातातून ओढून घेते," ती म्हणाली होती.

"दोष गाडीत नाही, तुझ्या पायात आहे. हत्तीण कुठली! सराव कर जरा."

तिचा भाऊ तिथंच काम करायचा. तोही खो-खो हसला होता.

ती गेल्यावर सासूबाईंनाही मिस्त्रीनं तेच सांगितलं. "आई, तिनं पेडल पूर्ण दाबलं."

म्हातारी खाली बघत म्हणाली, "लहानपणापासून धीर म्हणून नाही कार्टीला. स्वतःच्या हातानं गेली."



पंधरा दिवसांनी त्यानं चेपलेल्या गाडीतलं पेडल आणि कंट्रोल बॉक्स काढून बाकावर जोडले. रविवारी लॅपटॉपवरून आत भरलेली फाईल त्याला पुसायची होती.

चार वाजले होते. तो आणि मेव्हणा, दोघंही बाकापासून दोन पावलं लांब होते.

पेडल... खाली गेलं.

अगदी हळू. पडद्यावर आकडा आला, चौदा टक्के. थांबला. मग पेडल अलगद वर आलं.

"दाजी, स्प्रिंग गेली वाटतं," मेव्हणा म्हणाला.

"स्प्रिंग गेल्यावर वर येईल का रे, शहाण्या?"

पुन्हा... चौदा. पुन्हा चौदा.

इतका हलका पाय खुद्द मिस्त्रीचाही नव्हता.

कुणीतरी सराव करत होतं.

शेजारी दुसरा आकडा होता, इंजिनाची झडप किती उघडायची त्याचा. मेव्हण्याला त्यातलं कळत नव्हतं. मिस्त्रीला कळलं.

पाय चौदा. झडप सत्त्याण्णव.

रविवारी घाईघाईत त्यानं पूर्ण दाबलेल्या पेडलची आकड्यांची ओळ हलक्या पायाच्या जागी भरली होती. तिनं कितीही जपून चालवली असती, तरी गाडी तशीच सुटली असती.

त्यानं वायर उपटली. पडदा काळा झाला.

पेडल... थांबलं नाही.

आता रोज चारला ते हलू लागतं आणि सव्वाचारला थांबतं. मेव्हण्यानं त्या वेळी गॅरेजमध्ये यायचं सोडलंय. मिस्त्री मात्र समोर स्टूल घेऊन बसतो. रोज ते आदल्या दिवसापेक्षा केसभर कमी दाबलं जातं.

ती अजून स्वतःचाच पाय सुधारतेय.

"पुरे गं, तुझं बरोबर होतं," एवढंच म्हणायचं असतं. त्याच्या तोंडून ते निघत नाही.

फाईल त्यानं पुसलेली नाही. सासूबाईंनाही अजून काही सांगितलेलं नाही.