बसवलं त्यानंच उठवायचं

सत्यम, आधी ते पिल्लू उठव, मग मोबाइल बघ. मघापासून 'बस' म्हणून ठेवलंस त्याला, अन् तू बसलास दात काढत. बिचारं तुझ्या तोंडाकडं बघून राहिलंय. हां, असं. आता सरका जवळ. लाइट येईस्तोवर एक गोष्ट सांगतो. मी सोता डोळ्यानं पाहिली न्हाई, पण ज्याच्यावर बेतली तो महेबूब माझा दोस्त. अन् महेबूब बनवून सांगायचा न्हाई, तेवढी अक्कलच नव्हती त्याला.

महेबूब लातूरचा. धंदा काय, तर कुत्र्यांची ट्यूशन. हसू नका. लातुरात क्लासवाल्यांचे बंगले उठले, डॉक्टरांचे उठले, बंगल्यात अल्सेशियन आले, अन् ते मालकिणीलाच चावायला लागले. मग महेबूब स्कूटरवर घरोघर शिकवायला जायचा. लोक म्हणायचे, पोरांना लातूर पॅटर्न अन् कुत्र्यांना महेबूब पॅटर्न. तो मात्र कुत्र्याला कमी अन् मालकाला जास्त शिकवायचा. म्हणायचा, कुत्रं लवकर शिकतं, माणसाचंच डोकं जड.

त्याचा एक नियम होता, त्यात माफी न्हाई. ज्यानं 'थांब' म्हणून बसवलं त्यानंच परत यायचं, गळ्याखाली हात घालायचा, अन् 'चल, शाब्बास' म्हणायचं. तवाच कुत्र्यानं उठायचं. दुसऱ्या कुणी मटण दाखवू दे, काठी उगारू दे, हलायचं न्हाई. तो म्हणायचा, चोराच्या शब्दानं उठलं तर मग शिकवलं कशाला?

त्याची सासुरवाडी किल्लारीकडच्या एका गावची. शेजारी ग्यानोबाचं घर. ग्यानोबा, बायको सिंधु, अन् लहानगी लेक सुकन्या. त्यांचं एक गावठी कुत्रं होतं, भुऱ्या. बैलगाडीखाली येऊन पुढच्या उजव्या पायाचं एक बोट गेलेलं. सासुरवाडीत जावयाला काम काय? महेबूबनं हौसेनं सुकन्याला अन् भुऱ्याला सगळं शिकवलं. बंगल्यातल्या कुत्र्यांना लाजवील असा तयार झाला भुऱ्या.

त्र्याण्णव सालचं गणपती विसर्जन. ग्यानोबा लेकीला घेऊन औशाला बहिणीकडं मिरवणूक बघायला निघाला. भुऱ्या जीपमागं पळायला लागला. सुकन्यानं त्याला माघारी नेलं, उंबऱ्यात बसवलं, 'थांब' म्हणाली. रात्री आल्यावर उठवीन म्हणून आईला सांगून गेली. पण मिरवणूक लांबली, पोरीला झोप आली, आत्यानं जाऊ दिलं न्हाई.

त्या पहाटं काय झालं ते घरी आईबापांना विचारा. दगडामातीची घरं, गावच्या गाव बसलं. त्या आळीत शेजारची साखराबाई तेवढी वाचली. तिनं ग्यानोबाला सांगितलं की पहिल्या हादऱ्यालाच सिंधु अंगणात आली होती. बाहेर. धडधाकट. मग तिला दिसलं की भुऱ्या उंबऱ्यातच बसलाय. हाका मारल्या तरी उठंना, म्हणून ती त्याला ओढायला माघारी गेली.

हे पोरीच्या कानावर घालायचं न्हाई असं ठरलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? कळलं तिला. तिनं कुणापाशी त्याचा एक शब्द काढला न्हाई. शिकली, लातुरात एका क्लासवर शिकवायला लागली. सुटीला, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात, बापाकडं यायची. जुन्या गावाच्या वाटंला मात्र कधी गेली न्हाई.

आता दोन हजार दहा साल. अनंत चतुर्दशी. दिवसा ग्यानोबाचा फोन आला. "महेबूबभाई, सुकीचं कुत्रं मरून राहिलंय, अन् त्याच्यामागं पोरगी बी. या."

महेबूब तिन्हीसांजेला पोचला. दारातली सिमेंटाची पायरी मिस्त्रीनं आदल्या दिवशीच ओतलेली, वर ओलं गोणपाट पसरलेलं, म्हणून परसदारानं आत गेला. सुकन्याचं कुत्रं, शेरा, कोपऱ्यात पडलेलं. नुसती हाडं. सुकन्या त्याच्यापाशी बसलेली, ती बी तशीच. ग्यानोबानं सांगितलं की सुटीला आल्यापासून हे कुत्रं अन्नाला तोंड लावंना. रोज रात्री उठतं, जुन्या गावात आपल्या पडक्या घरी जातं, उंबऱ्यापाशी बसतं. सकाळी तो उचलून आणतो. डॉक्टरला दाखवलं, रोग काही न्हाई.

महेबूबनं कुत्र्याचे डोळे बघितले, कान बघितले. मग पोरीला विचारलं, याला 'थांब' म्हणून बसवलंस का कधी?

"न्हाई चाचा. तो शब्द मी तोंडात घेत न्हाई. का घेत न्हाई ते तुम्हाला माहीत हाय."

महेबूबच्या मनात आलं, हिनं बसवलं न्हाई, तर मग याला रोज बसवतंय कोण?

मध्यरात्र उलटली अन् शेरा उठला. लटपटत निघाला. महेबूबनं बॅटरी घेतली. ग्यानोबा भिंतीला टेकून बसला, म्हणाला मला न्हाई जमायचं. सुकन्यानं चप्पल घातली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या वाटंनं निघाली.

चांदणं पडायला पाहिजे होतं, पण आभाळ गच्च. जुन्या गावात सगळ्या वेड्या बाभळी. दगडांचे ढीग. कुठं रांजणाचं खापर, कुठं जात्याची पाळ. शेरा वाट ठाऊक असल्यासारखा चालला. एका ढिगापाशी थांबला. लाकडी उंबरा अर्धा मातीत. त्याच्या बाजूला बसला. उंबऱ्यावर न्हाई… बाजूला. कुणाला तरी जागा सोडून.

सुकन्यानं हाक मारली. उठला न्हाई.

महेबूबनं बॅटरी मारली. एकच कुत्रं.

पण धापा… दोन कुत्र्यांच्या.

त्यानं शेराचं तोंड हातानं मिटून धरलं. एक धाप थांबली. दुसरी चालूच. उंबऱ्यावरून. हळूहळू… सावकाश…

महेबूबला पळायचं होतं, मला त्यानं खरं सांगितलं, लाज न बाळगता. पण पोरगी पळाली न्हाई. ती उंबऱ्याकडं बघून रडत होती.

"चाचा, आई त्याला ऊठ म्हणत असंल ना… अन् तो माझी वाट बघत…"

"मीच शिकवलं होतं बेटी," महेबूब म्हणाला. "कुणी बी सांगितलं तरी उठायचं न्हाई. तुझा काय गुन्हा? तू लेकरू होतीस. पण बसवलं तू. उठवायचं बी तूच. हात घालून."

ती उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसली. अंधारात हात पुढं केला. रिकाम्या जागेत.

हात थांबला.

"केस हायत, चाचा… गरम हाय."



तिचा हात गळ्याकडं सरकला. अन् ती हळू म्हणाली…

"गळ्याला कुणीतरी आधीच धरलंय…"

बाभळी हलंनात. किडा वाजंना. महेबूब मनातल्या मनात कलमा म्हणायला लागला. पोरीनं हात काढला न्हाई. त्या दुसऱ्या हातावर आपला हात ठेवला. अन् म्हणाली,

"मी आले गं… चल. शाब्बास, भुऱ्या. चल…"

धाप थांबली.

शेरानं अंग झाडलं अन् उठला.

येताना महेबूबनं बॅटरी फक्त पुढं धरली. मागं पावलं वाजत होती. कुत्र्याची. अन् आणखी एक… अनवाणी, सावकाश. सुकन्याला मागं बघायचं होतं, त्यानं तिचं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं न्हाई. परसदारानं आत गेले, कडी घातली. शेरानं ताटलीभर दूध-भाकर खाल्ली. पोरगी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून जी झोपली, ती उन्हं वर आल्यावर उठली.

सकाळी मिस्त्री पायरीवर पाणी मारायला आला. गोणपाट होतं तसंच होतं, चारी कोपऱ्यांना ठेवलेल्या विटा बी जागच्या जागी. त्यानं ते उचललं अन् ग्यानोबाला हाक मारली. म्हणाला, मामा, काल संध्याकाळी मी यावर उभा राहिलो होतो. दगडागत झाली होती पायरी.

सिमेंटात बोटभर खोल कुत्र्याची पावलं उमटलेली. पुढच्या उजव्या पायाचं एक बोट कमी. अन् शेजारी बाईचं अनवाणी पाऊल, दुसऱ्या बोटाला जोडव्याची खूण. मिस्त्री भरून देतो म्हणाला. ग्यानोबानं त्याचा हात धरला.

ती पायरी मी सोता बघितली हाय, पोरांनो. अजून तशीच हाय. सगळी पावलं आत गेलेली. बाहेर आलेलं एक बी न्हाई.