दीड इंच

दुपारी दोन वाजता छावणीतलं माझं गॅरेज बंद असतं. पण त्या दिवशी मी जेवायलाही गेलो नाही. समोर इंद्रजीतची जुनी रेसची गाडी उभी होती, एका माणसापुरती, लाल. तिला मागचे नवे शॉकअप बसवायचे होते. रविवारी त्याचा मुलगा प्रणय ती चालवणार होता.

या कामाची एक रीत आहे. गाडी जॅकवर असताना नट नुसते हातानं लावायचे. मग चाकं जमिनीवर टेकवून, सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची. गाडी दबली की मगच नट आवळायचे. हवेत आवळले तर आतलं रबर पिळून बसतं आणि एखाद्या वळणावर शॉकअप सुटतो. हे मी साऱ्या छावणीला शिकवत फिरतो.

नऊ वर्षांपूर्वी घाईत मी स्वतःच हवेत आवळले होते. कन्नडच्या घाटात याच गाडीचा शॉकअप सुटून इंद्रजीत गेला. का गेला, ते फक्त मला ठाऊक आहे.

त्याची बायको, सुलेखावहिनी, बाकावर बसून होत्या.

"त्रिंबकभाऊ, खरं सांगा. तवा गाडीचं काही चुकलं व्हतं का?"

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"नाय वहिनी. रस्ताच खराब होता."

नट हातानं लावून मी जॅक उतरवला. मागच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत टेप लावला. एकवीस इंच. पोतं आणायला वळलो, तोच स्प्रिंग कुरकुरली. पुन्हा टेप लावला. साडेएकोणीस.

सीट रिकामी होती. चाकांतली हवा पाहिली, फरशी पाहिली. सगळं ठीक होतं. इंद्रजीत बसला की गाडी दीड इंच दबायची. मी कैकदा मोजलं होतं.

"काय झालं भाऊ?"

"काही नाय."

पोती तशीच ठेवून मी खाली सरकलो. एकेक नट नीट आवळला.

शेवटचा नट बसला आणि गाडी वर उठली. कुणी उतरल्यावर उठते तशी.

संध्याकाळी प्रणय येऊन गाडी घेऊन गेला. वहिनींनी हात जोडले.

"तुमच्यामुळं आता झोप लागंल."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी पाने पेटीत भरत राहिलो.

शटर ओढलं आणि स्कूटरवर बसलो. रोजच्याएवढी ती दबली.

मग मागची स्प्रिंग कुरकुरली, आणि ती आणखी दीड इंच खाली गेली.