गिरणीत न गेलेली स्वप्नाली

"गिरणीपाशी अर्धा तास कुणासंगं बोलत हुतीस?"

विश्वजितचा आवाज खोलीभर घुमला. स्वप्नालीनं फोनचा स्पीकर मुद्दाम लावला होता.

"मी गिरणीत गेलीच न्हाय."

"खोटं बोलू नको. मला सगळं कळतंय." फोन बंद झाला.

मंगळवार पेठेतल्या हुसेनबींच्या घरी ती तासाभरापूर्वी भांडायला आली होती, त्यांच्या नातीशी, सनाशी. दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. गेल्या शुक्रवारी स्वप्नाली मुलाखतीसाठी कुरुंदवाडच्या एका शाळेत गेली. तिनं नोकरी करणं होणाऱ्या नवऱ्याला, विश्वजितला, पसंत नव्हतं. म्हणून तिनं फक्त सनाला सांगितलं होतं. ती शाळेच्या फाटकात असतानाच त्याचा फोन आला होता, 'शाळेत काय काम?'

"तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक हुतं, सना?"

सना रडून थकली होती.

हुसेनबी नुकत्याच दळण घेऊन आल्या होत्या. येताना वाटभर चप्पल करकरत होती, पण एकाच पायातली. तेवढं त्यांच्या कानात राहिलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेले कान ते. लाइनवर तिसरं कुणी ऐकत असलं की आवाज किंचित बसतो, हे ते कधी विसरले नाहीत.

"फोनचं लोकेशन?" त्यांनी विचारलं.

"बंद हाय, नानी. फोनच नवा हाय. अमरदादानं सगळं सेटिंग करून दिलंय."

"आणि दारातल्या नव्या चपला कुणाच्या?"

"माझ्या. दादानंच साखरपुड्याला बनवून घेतल्या. का?"

"माझ्या सापडंनात, म्हणून त्या घालून गिरणीत गेलते. रांग हुती. अर्धा तास मोडला."

सनानं मान वर केली.

"आता ऐक," हुसेनबी म्हणाल्या. "सना चहाडी करत असती, तर गिरणीचं नाव कशाला घेती? तू तर तिच्या म्होरं बसलीयास. तुझा फोनबी हितंच. म्हणजे माणूस सांगत न्हाय, फोन सांगत न्हाय. गिरणीत दोघंच गेलो. मी आणि तुझ्या चपला."

त्यांनी चपला पुढ्यात घेतल्या.

"माझे अब्बा असल्याच करकरीच्या घालायचे. गल्लीच्या तोंडाशी आले की आम्ही पोरी पुस्तकं उघडायचो. कारागीर तळाच्या दोन थरांत वाळलेलं बी ठेवतो, त्याचा तो आवाज. पण बी दोन्ही पायांत असतंय. ही उजवी मुकी का?"

त्यांनी टाचेवर बोट टेकवलं. सगळे टाके कातड्याच्या वादीचे होते. तिथले चारच दोऱ्याचे.

सनानं सुरी आणली. टाके तुटले. टाचेच्या पोकळीतून बटणाएवढी पांढरी चकती फरशीवर पडली.

"विश्वजित..." स्वप्नाली पुटपुटली.

"बघतोय तो. पण बसवलं कुणी? असली जागा सांगणारी चकती संगं फिरली की आपल्या फोनवर सूचना येते, व्हय की न्हाय सना?"

"येते, नानी. पण ती बंद करता येते."

"फोनचं सेटिंग कुणी केलं? चपला कुणी बनवल्या?"

 स्वप्नालीनं भावाला फोन केला.

अमरसिंह दहा मिनिटांत आला. फरशीवरची चकती बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"विश्वजित पावण्यांनीच बसवायला सांगितलं," तो म्हणाला. "एवढं चांगलं स्थळ. म्हटलं, त्यांच्या मनात शंका नको. तुझ्याच भल्यासाठी की."

"कागदावर माझं पाऊल ठेवून तू माप काढलंस, दादा. जमिनीवर बसून. मी आईला हाक मारून म्हटलं, बघ, माझा भाऊ."



तिनं बोटातली अंगठी काढून मुक्या चपलेवर ठेवली. "ही त्यांची त्यांना दे."

हुसेनबींनी चकती उचलून त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. "ही असू दे तुझ्यापाशी. पावण्यांना कळू दे, तू कुठं कुठं जातोस."

तो गेला. स्वप्नाली अनवाणीच उठली. "सना," ती म्हणाली.

सना तिच्याकडं न बघता उठली. दाराशी गेली, आणि स्वतःच्या झिजलेल्या स्लिपर पायानंच तिच्यासमोर सरकवल्या.

"घाल. ऊन हाय," ती म्हणाली. "उद्या परत आणून दे. स्वतः ये."