नवख्यांची दोरी

सकाळी साडेदहाला अरुणनगरच्या अग्निशमन प्रयोगशाळेत पडद्यावर नवी यादी उमटली आणि परतदोर पुन्हा आठव्या क्रमांकावर आला. अग्निकवचाला लावायची उपकरणं, म्हणजे जोड, एकूण नऊच. विदुला सातपुतेने कपाळावर हात मारून घेतला.

परवाच रसायनांच्या गोदामाच्या आगीत सकपाळ नावाचा जवान दगावला होता, दारापासून अवघ्या बारा पावलांवर. परतदोर असता तर त्याने बेशुद्ध सकपाळला कमरेला धरून आपोआप बाहेर ओढलं असतं. त्याच्या जागेसाठी प्रतीक्षायादीत पहिलं नाव होतं निशिकांतचं, विदुलाच्या धाकट्या भावाचं. आज दुपारी तो रुजू होणार होता, तसल्याच बिनदोराच्या कवचात.

अग्निकवचाला खाचा तीनच, कारण बॅटरी तीनच जोडांना पुरते. नऊपैकी तीन निवडायचे कसे? त्यासाठी पालिकेने ‘अग्निव्यूह’ नावाचा खेळ काढला होता. शहरातल्याच इमारती, हुबेहूब आगी आणि तेच नऊ जोड. चार लाख लोक तो खेळायचे. कुठले जोड लावले की आग लवकर विझते आणि आतली माणसं जास्त वाचतात, हे प्रयोगशाळेतलं तोलयंत्र मोजायचं आणि उत्तम त्रयी जाहीर करायचं. सध्याची त्रयी वेगपाय, दुहेरी झोत, भिंतफोड. तीच मग खऱ्या जवानांच्या अंगावर चढायची. फुकटात चार लाख तज्ज्ञ! साहेबलोक काय खूश होते म्हणून सांगू. विदुला या खेळाची तीन वर्षांची विजेती. जोड कसे निवडावेत यावर तिने लिहिलेली पुस्तिका गावभर झाली होती आणि त्या जोरावरच तिला इथे नोकरी लागली होती.

“खेळणारे मूर्ख नाहीत गं,” गणितज्ञ डॉ. यास्मिन मुजावर म्हणाल्या. “खेळात मेलं की काय होतं?”

“दहा सेकंदांनी फाटकापाशी पुन्हा उभे राहतो.”

“मग दहा सेकंदांसाठी अख्खी खाच कोण अडवेल? दोर टाकायचा, भिंतफोड घ्यायचा. आत घुसायचं, मरायचं, परत यायचं. आग त्यानेच लवकर विझते. त्यांचं उत्तर बरोबर आहे, विदुला. प्रश्न आपण चुकीचा घातला.”

“मग मरणाची खरी किंमत घाला ना! सकपाळ काही दहा सेकंदांत परत येत नाही. अनंत घाला.”

“अनंत घातलं तर यंत्र एकालाही आत सोडणार नाही. म्हणेल, घरी बसा. खऱ्या आगीत जवान पडला की किती वेळ जातो, तो नोंदीतला आकडा लागतो. तो धुमाळ साहेबांकडून आण.”

उपायुक्त धुमाळांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. हीच तर पंचाईत होती.

“जवान पडला की जागा किती वेळ रिकामी राहते, एवढंच ना?” त्यांनी नोंदवही उघडली. “फाटकाशी राखीव जवान उभाच असतो. सकपाळ पडला आणि सहा सेकंदांत दुसरा आत गेला.” त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला. “पुढच्या आगीआधी राखीव जागाही भरते. यादीत सहाशे पोरं आहेत.”

विदुलाने आकडा उतरवून घेतला. दहा नाही. सहा! खेळ उदार होता म्हणायचा.

डॉ. मुजावरांनी आकडा भरला. यंत्राने अर्धा तास घेतला आणि परतदोर नवव्या क्रमांकावर टाकला.

“साहेब, यादी बाजूला ठेवा. परतदोर लावायचा हुकूम काढा,” विदुला पुन्हा धुमाळांकडे येऊन अक्षरशः गयावया करत होती.

“चार लाख लोकांनी काढलेलं उत्तर खोडू? तेही नेमका तुमचा भाऊ रुजू होताना? लोक काय म्हणतील?” मग त्यांनाच तिची दया आली. “एक करता येईल. जवानाने स्वतः सही केली तर एक जोड बदलून मिळतो. तसा नियम आहे.”

ती अर्ज भरत भरतच केंद्रावर धावली. निशिकांत कवच चढवून फाटकापाशी उभा होता. पहिल्याच दिवशी राखीव!

“ताई! बघ तरी, कसा दिसतोय?”

“निशी, भिंतफोड काढ आणि परतदोर लाव. इथे सही कर.”

तो खो खो हसला. “नवख्यांची दोरी? अगं, सगळे हसतील मला.”

“हसू देत मेल्यांना!”

“ताई, मी खेळात सहा हजार वेळा मेलोय. एकदाही दोर लागला नाही.”

“अरे, हा खेळ नाहीये रे!”

“माहितीये गं. म्हणून तर उत्तम तेच घालतोय. आत लोक अडकलेले असणार, आणि मी भिंतफोड काढून स्वतःसाठी दोर लावू?” मग तो मऊ आवाजात म्हणाला, “‘नवख्यांची दोरी’ हे नाव कुणी ठेवलं, सांग बरं? तुझी पुस्तिका पाठ आहे मला. परतदोर लावणारा जगतो, पण जिंकत नाही. पान तिसरं.”

विदुलाने अर्ज पुढे धरला. काय सांगणार होती, की मी खोटं लिहिलं? खोटं नव्हतंच ते.

भोंगा वाजला. निशिकांतने शिरस्त्राणाची झडप खाली ओढली आणि पळत जाऊन गाडीवर चढला. विदुलाच्या हातात अर्ज तसाच होता. नाव, क्रमांक, तारीख, सगळं तिने भरून ठेवलं होतं. फक्त सहीची जागा कोरी होती.