दोन साडू

हसू नका. ती बॅटरी विझवा, दाराला कडी घाला, मग सांगतो. ऐकीव नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. साडू आणि माझी मेहुणी नदीकाठच्या रस्त्यानं डोंगर बघायला निघाले होते. मेहुणीचा हा दुसरा नवरा. पहिला गिरणीत विणकर होता, तापानं गेला. दुपारी पेट्रोल संपत आलं म्हणून साडूनं गाडी खालच्या शहरात घेतली. ते शहर नेमकं पहिल्याच्या गिरणीचं निघालं.

आता तिथे धुरांडं आहे, धूर नाही. कामगारांच्या खोल्या रंगवून पाहुण्यांना भाड्यानं देतात. गिरणीत तिकीट काढून आत सोडतात.

"आलोच आहोत तर बघू या," मेहुणी म्हणाली.

नाही म्हणावं, तर मेलेल्या माणसावर जळतो असं कबूल केल्यासारखं. साडू मुकाट आत गेला. जळत तर होताच. बायकांच्या वाट्याला सवत आली तर म्हणायला निदान शब्द तरी आहे. पुरुषानं काय म्हणायचं?

एका मागापाशी मेहुणी थांबली. "पाळी बदलताना माग बंद करत नसत," ती सांगू लागली. "पुढचा माणूस मागून यायचा आणि डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. आधीच्यानं वळून न बघता बाजूला सरकायचं. नजर हलली की धागा तुटलाच."

बोलता बोलता तिनं रिकाम्या जागी, हवेत हात ठेवला. साडूच्या कानाच्या उंचीवर, पहिल्याचा खांदा तिथवर यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साडूच्या खांद्यावर तिनं असा हात कधी ठेवला नव्हता.

तो फटकन बोलून गेला, "त्याची पाळी संपली. आता माझी आहे."

मेहुणीनं हात खाली घेतला. गाडीत बसली आणि शाल ओढून झोपली. साडू मनातल्या मनात चडफडत राहिला. मी जिवंत असून हरलो, आणि हा मरून जिंकला.

रात्री साडेअकराला घाट लागला. धुकं इतकं, की दिव्यांच्या उजेडात रस्त्याची पांढरी रेघ तेवढी दिसत होती. त्याच्या पापण्या जड झाल्या. एकदा रेघ सुटली. पुन्हा सापडली. पुन्हा सुटली…

डाव्या खांद्यावर हात पडला.

त्याला काय बरं वाटलं म्हणून सांगू! बायकोचा राग गेला म्हणायचा. "चुकलं माझं," तो म्हणाला. "झोप तू."

हात तसाच.

"काय गं?"

त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती झोपली होती. तिचे हात शालीबाहेर, मांडीवर.

दोन्ही.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. हात हलला नाही. वळून बघावं… नाही बघितलं. दार उघडलं. उतरला.

बाजूला सरकला.

…

जाग आली तेव्हा पहाट झाली होती. तो मागच्या सीटवर आडवा. गाडी घराच्या दारात उभी, इंजिन गरम. मेहुणी पुढे गाढ झोपलेली. तिला गाडी चालवता येत नाही, अहो, सायकलसुद्धा येत नाही.

साडू पुढे येऊन स्टिअरिंगवर बसला. मधल्या आरशात बघितलं. मागचा रस्ता दिसेना.

दिसला तो तिचा चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुरता. आरसा तिच्याकडे वळवलेला होता.

"मग काका? आरसा सरळ केला त्यांनी?"

हात वर नेला होता म्हणे…

अजून तसाच आहे तो आरसा. साडू बाहेरच्या दोन आरशांवर भागवतो.